पाळणाघर मागायला लाजू नकोस

वाचकाचं पत्र

प्रिय ताई,

मी नागपुरात पीएच.डी. करते. तिसरं वर्ष सुरू आहे. मुलगी चौदा महिन्यांची आहे. मिस्टर बुटीबोरीच्या कंपनीत शिफ्टमध्ये असतात. आतापर्यंत सासूबाई होत्या म्हणून निभावलं. पण दिवाळी झाली की त्या काटोलकडे गावी परत जाणार. आंबिया बहाराची संत्री उतरायला आली की घरचं माणूस वावरात लागतंच. माझ्या आईचे गुडघे गेलेत, धावत्या पोरीमागे पळणं तिला जमणार नाही.

गेल्या महिन्यात नाइलाजाने मुलीला विभागात नेलं. माझे मार्गदर्शक सर वाईट नाहीत, पण म्हणाले, "विभागात मूल बरं दिसत नाही. घरची व्यवस्था लावा आणि मग या." ती अजून अंगावर पिते. पाजायला जागा नाही म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत दाराला पाठ लावून बसते. बाळंतपणात चार महिने घरी होते, तेव्हा कोणी अर्ज मागितला नाही आणि मीही दिला नाही.

आमच्या विभागाच्या ऑफिसात एजन्सीमार्फत लागलेली एक ताई आहे, तिचं बाळ पाच महिन्यांचं. पगार बुडेल म्हणून ती तिसऱ्या महिन्यातच कामावर आली. आम्ही दोघी डबा खाताना एकमेकींशी बोलतो, बाकी कोणाशी नाही. सासूबाई म्हणतात, "काहून एवढा जीव काढून राहिली? पोरगी मोठी झाली की शिकजो."

पीएच.डी. सोडून द्यावी का? आणि आम्ही पाळणाघर मागितलं तर हसतील का?

— एक संशोधक आई, नागपूर

ताईंचं उत्तर

प्रिय मैत्रीण,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सोडू नकोस. निदान या दिवाळीत नाही, आणि तुला काय हवं आहे ते एकदाही कागदावर न मांडता तर नाहीच नाही. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय लागलं, सांगू? सरांचं वाक्य नव्हे. तू चार महिने घरी होतीस आणि त्याचा कुठे एक कागदसुद्धा नाही, हे लागलं. बाळंतपण, रजा, दूध पाजायची जागा, संध्याकाळी वेळेवर घरी पोचणं, हे सगळं तू पदराखाली झाकत आलीस. जे झाकलेलं आहे ते विभागाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची सोय कोणी करत नाही.

कोणतं विद्यापीठ ते तू लिहिलं नाहीस, तेही बरंच. आपल्या शहरात आता एकच विद्यापीठ नाही. अमरावती रोडवरचं जुनं, १९२३ सालचं आहे. पशुवैद्यकीय आहे, विधी विद्यापीठ आहे, एलआयटी आहे, व्हीएनआयटी आहे, शिवाय खासगी. मी सांगते त्यातलं बहुतेक सगळीकडे चालेल, कारण पीएच.डी.चे मूळ नियम यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे आहेत.

तर नियम. यूजीसीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.ची नवी नियमावली काढली. तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे की महिला संशोधकांना संपूर्ण पीएच.डी.च्या काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा किंवा बालसंगोपन रजा देता येईल. 'किंवा' नीट वाच. बहुतेक मुली ही रजा फक्त बाळंतपणाची समजतात आणि मूल चालायला लागलं की आपला हक्क संपला असं धरून बसतात. तसं नाही. तू घरी होतीस ते चार महिने म्हणजे साधारण १२० दिवस. ते या रजेत धरून नियमित करून द्यावेत अशी विनंती आता कर. ते मान्य झाले तरी तुझ्या हातात जवळपास तेवढेच दिवस उरतात. एकदम घेऊ नकोस. सासूबाई गेल्यानंतर मुलगी पाळणाघरात रुळेपर्यंतचे काही आठवडे आणि पुढे प्रबंध लिहायच्या आधी काही, असे जपून वापर.

मुदतीची भीतीही तुझ्या पत्रात ओळींमधून दिसते. प्रवेशाच्या तारखेपासून सहा वर्षं मिळतात. पुन्हा नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात, आणि महिला संशोधकांना त्याच्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. एकूण दहाच्या वर जाता येत नाही. तू तिसऱ्या वर्षात आहेस. तुझ्याकडे वेळ आहे, बाई. दहा वर्षं लाव असं मी म्हणत नाही, तसं कोणीच करू नये. पण 'आता नाही तर कधीच नाही' ही जी टांगती तलवार तू डोक्यावर घेऊन फिरतेस ती कोणत्याही नियमात नाही. याच नियमावलीत आणखी एक तरतूद आहे, तुला आज लागणार नाही तरी माहीत असू दे: लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव बदललं, तर महिला संशोधकाला आपलं काम नव्या संस्थेत घेऊन जाता येतं.

फेलोशिप असेल तर मात्र रजेवर जाण्याआधी लेखी विचार. जेआरएफ या केंद्राच्या फेलोशिपची व्यवस्था वेगळी, महाज्योती, बार्टी, सारथी या फेलोशिप देणाऱ्या राज्याच्या संस्थांचे नियम वेगळे. महाज्योतीचं तर मुख्यालयच नागपुरात आहे, प्रत्यक्ष जाऊन विचारता येईल. प्रश्न दोनच: रजेच्या काळात रक्कम चालू राहील का, आणि सहामाही अहवालाची तारीख पुढे जाईल का. उत्तर लेखी घे. फोनवरचं उत्तर माणूस बदलला की बदलतं.

तुझ्या विभागात एम.ए., एम.एस्सी.च्या मुलींपैकी कोणी गरोदर असेल किंवा कोणाचं मूल लहान असेल तर तिलाही सांग. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींना प्रसूती रजा, हजेरीत सवलत आणि परीक्षा अर्जाच्या मुदतीत सूट देण्यासाठी योग्य नियम करा, असं पत्र यूजीसीने १४ डिसेंबर २०२१ ला सगळ्या विद्यापीठांना पाठवलं होतं. हजेरी भरली नाही म्हणून वर्ष बुडालेल्या मुलींची पत्रं मला येतात तेव्हा फार वाईट वाटतं. ते पत्र सोबत जोडून अर्ज केला असता तर बोलायला जागा तरी उरली असती.

आता सर. तू म्हणतेस ते वाईट नाहीत, आणि मला ते पटतं. वाईट असते तर 'या' म्हणालेच नसते. त्यांच्या पिढीतल्या बहुतेक पुरुषांची मुलं घरात कोणीतरी सांभाळली आणि ते कोणीतरी कधी विभागात दिसलं नाही. म्हणून त्यांना वाटतं व्यवस्था ही घरी लावायची गोष्ट आहे. त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नकोस आणि माफी मागायलाही नको. एक पानभर योजना घेऊन जा: या तारखेपासून मी रोज अकरा ते चार विभागात असेन, या महिन्यात हे प्रकरण देईन, सत्राच्या आरएसीसमोर (संशोधन सल्लागार समितीसमोर) हे सादर करीन, आठवड्याची भेट सकाळी बाराच्या आत ठेवावी ही विनंती. मार्गदर्शकाला बहुतेक वेळा मुलाचा त्रास नसतो, काम थांबेल ही धास्ती असते. काम कसं चालेल ते त्यांना आधी दिसलं तर बाकीचं बोलणं सोपं होतं. आणि विभागात मूल आणायचं नसेल तर मूल कुठे ठेवायचं, हा प्रश्न विभागाने विद्यापीठाला विचारावा, हेही नम्रपणे म्हण. सरांची सही तुमच्या अर्जावर असली तर त्याचं वजन वाढेल.

उत्तरपत्रिकांच्या खोलीबद्दल. ते वाचून मी थोडा वेळ थांबले. धूळ, जुना कागद, बंद हवा, आणि दाराला पाठ लावून बसलेली एक आई. एसटी स्टँडवर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष असतो आणि विद्यापीठाच्या विभागात नसतो, हे आपण चालवून घेता कामा नये. याच शहरातलं एक उदाहरण तुझ्या अर्जात घालण्यासारखं आहे. डिसेंबर २०२२ च्या हिवाळी अधिवेशनाला देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या विधानभवनात आल्या. त्यांनी जागा मागितली आणि विधानभवनात हिरकणी कक्ष झाला. पुढच्या अधिवेशनात मुंबईला त्या कक्षाची अवस्था धूळ खात पडल्यासारखी दिसली तेव्हा त्या पुन्हा जाहीरपणे बोलल्या. मला यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. खोली मिळवणं एका अर्जाने होतं, ती झाडलेली, उघडी आणि वापरात राहणं यासाठी कोणाला तरी सारखं बोलावं लागतं.

म्हणून मागताना 'योग्य सुविधा' असं मोघम लिहू नका. आतून कडी लागणारी खोली, हात असलेली, पाठीला टेकू देणारी खुर्ची, पडदा, हात धुवायला बेसिन, एक प्लग पॉइंट, पंखा. किल्ली कोणाकडे राहील त्या माणसाचं पद. हे सगळं लिहा. किल्ली शिपायाच्या कपाटात आणि शिपाई रजेवर, अशाने चांगल्या चांगल्या खोल्या वाया गेल्यात. ही खोली मिळायला मोठा खर्च नाही, कुलगुरूंपर्यंत जायची गरज नाही, विभागप्रमुख मनावर घेतील तर पंधरवड्यात होईल. आधी हेच मागा. एक गोष्ट पदरात पडली की पुढची मागायला बळ येतं.

आता तुझी ऑफिसातली ताई. तिला हे उत्तर वाचून दाखव, कारण तिची बाजू तुझ्याहून कायद्याने जास्त पक्की आहे आणि तिलाच ते माहीत नाही. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि हीच तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली आहे. अट एवढीच की आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं. 'तू एजन्सीची आहेस, तुला नाही' असं तिला सांगितलं असेल तर ते चूक आहे. थेट कामावर घेतलेली असो की एजन्सीमार्फत, कायदा दोघींनाही धरतो. दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टर रोलवरच्या रोजंदारी बायकांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच हा हक्क मान्य केला. २०२३ मध्ये दिल्लीच्याच एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात तर न्यायालयाने सांगितलं की कंत्राट मध्येच संपलं तरी मातृत्वाचा लाभ पूर्ण मिळाला पाहिजे.

तिला पगाराची स्लिप काढायला सांग. ईएसआयचे ०.७५ टक्के कापले जात असतील तर हा लाभ तिला राज्य कामगार विम्यातून मिळतो, एजन्सीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. कापतच नसतील आणि पगार २१ हजारांच्या आत असेल तर का कापत नाहीत, हा प्रश्न एजन्सीला लेखी विचारता येतो. तिचं बाळ पाच महिन्यांचं आहे, म्हणजे २६ आठवडे अजून पूर्ण व्हायचे आहेत. दिवस मोजून तिने आजच अर्ज टाकावा. शिवाय बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दूध पाजायला रोज दोन वेळा वेगळी सुट्टी मिळते. ती जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त. तीही तिने नावानिशी मागावी. ती घाबरेल. एकटीने मागितलं तर उद्या दुसरी आणतील, ही भीती खोटी नाही. म्हणूनच अर्जावर तिच्या एकटीचं नाव नको.

कायम नोकरीतल्या प्राध्यापिका आणि लिपिक बायकांचं वेगळं आहे. त्यांना सेवानियमांनी प्रसूती रजा मिळते आणि राज्य सरकारच्या जुलै २०१८ च्या निर्णयाने मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. त्या निर्णयात पुरुषांना ही रजा पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तरच मिळते. मला हे अजिबात मान्य नाही. बापाने मूल सांभाळायला आई आधी अंथरुणाला खिळली पाहिजे, असं शासनाने का म्हणावं?

हसतील का, हा तुझा दुसरा प्रश्न. कोणी एक-दोघं हसतील. हसू दे. पाळणाघर ही मेहेरबानी नाही. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं, हे २०१७ पासून कायद्यात आहे. कायदा बोलतो तो कर्मचाऱ्यांबद्दल, विद्यार्थ्यांबद्दल नाही, ही त्याची उणीव आहे. म्हणून तुम्ही दोघी एकत्र असणं फार महत्त्वाचं. पाळणाघर उघडेल तिच्या हक्काने, आणि त्यात विद्यार्थिनींच्या मुलांना जागा मिळावी हे मागाल तुम्ही.

आधी मुलं मोजा. कोणी मोजलेलीच नसतात, म्हणून 'मागणी नाही' असं उत्तर येतं. एक साधा कागद फिरवा: मुलाचं वय, आईवडील कोणत्या विभागात, किती ते किती वेळ सोय लागेल. सह्या घेताना फक्त प्राध्यापिकांच्या केबिनमध्ये जाऊ नका. झाडणाऱ्या मावशी, गेटवरची गार्ड, कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणारी, वसतिगृहाच्या मेसमधली, माळीकाम करणारं जोडपं, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुली, या सगळ्यांना विचारा. आणि पुरुषांनाही विचारा. लहान मुलाचा बाप असलेला एखादा सहायक प्राध्यापक सही करेल तेव्हा मागणीचा सूर बदलेल. माझं मत आग्रहाचं आहे: जे पाळणाघर प्राध्यापकांच्या मुलांना घेतं आणि झाडणाऱ्या बाईचं पोर बाहेर गुलमोहराखाली बसवतं, ते मागूच नका.

अर्ज कुलसचिवांच्या नावे, प्रत विद्यार्थी विकास विभागाला, आणि अधिसभेवर (सिनेटवर) तुमच्या ओळखीचं कोणी निवडून आलेलं असेल तर त्यांनाही. जागा सुचवाल तर तळमजल्यावरची सुचवा. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देतात, सहा महिने ते सहा वर्षं वयाची मुलं घेतात, आणि आई नोकरी करते की नाही याची अट नाही. परिसराजवळ अशी अंगणवाडी सुरू करता येईल का, हे महिला व बालविकास विभागाकडे विद्यापीठाने विचारावं, असं एक वाक्य अर्जात घाला. प्रशासनाला एकच दार दाखवलं तर ते बंद आहे म्हणून सांगतात. अर्ज देताना आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर विद्यार्थिनी म्हणून तुझ्याकडे आणखी एक वाट आहे: यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्यावर लोकपाल असतो.

हे सगळं होईल तेव्हा होईल. मला ठाऊक आहे की तुझी मुलगी तोवर कदाचित बालवाडीत गेलेली असेल. म्हणून दिवाळीनंतरचं बोलू.

पाळणाघर घराजवळ बघू नकोस, विभागाजवळ बघ. ताप आला म्हणून फोन आला तर दहा मिनिटांत पोचता यावं आणि दुपारी जाऊन तिला पाजता यावं. अमरावती रोड, रविनगर, धरमपेठ, गोकुळपेठ या पट्ट्यात घरगुती पाळणाघरं चालवणाऱ्या बायका आहेत. पाटी नसते, विचारत गेलं की सापडतात. पहिल्यांदा फोन करून जा. दुसऱ्यांदा न सांगता दुपारी तीनच्या सुमारास जा. सकाळी सगळीच पाळणाघरं छान दिसतात, मुलं झोपेतून उठायची ती वेळ खरी. तेव्हा बघ: उठलेलं मूल रडतं तेव्हा कोण उचलतं, किती वेळाने उचलतं, आणि उचलणारी बाई दुसऱ्या हाताने मोबाइल बघते का. किती मुलांमागे किती माणसं, ते स्वतः मोज. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि सोबत मदतनीस हे सरकारी मार्गदर्शक सूचनांमधलं प्रमाण आहे. माझ्या मते रांगती-चालती दहा मुलं एका बाईला जास्तच होतात. जिन्याला फाटक, बाथरूममधली बादली रिकामी की भरलेली, औषधं कुठे ठेवतात, गॅसपर्यंत मूल जातं का.

आणि कूलर. दिवाळीत तो कोपऱ्यात झाकून ठेवलेला असेल आणि तुझ्या लक्षात येणार नाही. पण एप्रिल-मेमध्ये नागपुरात तो दिवसभर चालणार, मुलांच्या हाताच्या उंचीवर, ओल्या फरशीवर. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून मुलं गेल्याच्या बातम्या येतात. म्हणून आत्ताच विचार: कूलर लोखंडी आहे की फायबरचा, अर्थिंग आहे का, खिडकीबाहेर बसवतात की खोलीत, पाणी भरताना प्लग कोण काढतं. हे विचारल्यावर जी बाई चिडते तिच्याकडे मुलगी ठेवू नकोस. जी उठून प्लग दाखवते तिच्याकडे ठेव.

सासूबाई जायच्या आधी दोन आठवडे सुरुवात कर, त्या गेल्यानंतर नको. पहिले दोन-तीन दिवस तू सोबत बस, मग तासभर सोड, मग जेवणापर्यंत. एकाच दिवशी आजीही जाते आणि घरही बदलतं, असं चौदा महिन्यांच्या जिवाला करू नये. पहिल्या काही महिन्यांत सर्दी-ताप वारंवार होईल, तेव्हा पाळणाघर वाईट निवडलं असं लगेच धरू नकोस. बाहेर पडलेल्या मुलांचं ते होतंच. सोळा महिने झाले की गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर चुकवू नकोस.

तुझ्या पत्रात नवऱ्याबद्दल एकच वाक्य आहे, तो शिफ्टमध्ये असतो. शिफ्ट ही अडचण आहे तशी सोयही आहे. पहिली पाळी असेल तेव्हा तो दुपारी घरी असतो, मुलीला आणणं आणि संध्याकाळचं खाणं त्या आठवड्यात त्याचं. दुसऱ्या पाळीत सकाळी पोचवणं त्याचं. महिन्याचं शिफ्टचं वेळापत्रक आलं की दोघं बसून कोणत्या दिवशी कोण, ते लिहून फ्रिजवर लावा. 'मला जरा मदत कर' असं म्हणू नकोस. मूल दोघांचं आहे, काम वाटून घ्यायचं आहे. आणि मुलगी आजारी पडली तर पहिली सुट्टी नेहमी तूच घ्यायची, हेही ठरलेलं नाही. आळीपाळीने घ्या.

सासूबाईंवर रागावू नकोस. चौदा महिने त्यांनी सांभाळलं म्हणून तू तिसऱ्या वर्षापर्यंत आलीस. 'पोरगी मोठी झाली की शिकजो' असं त्या म्हणतात, कारण त्यांना ती वाट कधी मिळाली नाही आणि मिळाली असती तर कशी दिसली असती हे त्यांना कोणी दाखवलं नाही. गावी जायच्या आधी त्यांना एकदा विभागात घेऊन जा. तू कुठे बसतेस, काय करतेस, प्रबंधाची पानं कशी दिसतात, ते बघू दे. संत्री उतरली की जानेवारीत आठवडाभर या म्हणावं. तुझ्या पुढच्या आरएसीची तारीख त्याच सुमारास आली तर उत्तमच.

अर्ज तुम्ही दोघी मिळून लिहा. तुझी रजा नियमित करण्याचा एक, खोलीचा एक, पाळणाघराचा एक, आणि तिचा २६ आठवड्यांचा वेगळा. एकाच कागदावर सगळं घालू नका, एक गोष्ट अडली की सगळंच अडतं. मसुदे तयार झाले की नावं आणि विभाग खोडून मला पाठवा. मी वाचून, दुरुस्त करून आठवड्याच्या आत परत पाठवते.

तुझी,
ताई